ट्यूब ॲम्प म्हणून ट्रान्झिस्टरचा डबा गळ्यात मारला, ४६,५०० गेले

एका ॲपवर ‘फुल ट्यूब, ५० वॅट’ अशी जाहिरात बघून सेकंडहँड गिटार ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, घेतला. फुल ट्यूब म्हणजे आवाज वाढवायचं सगळं काम काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब करतात, ट्रान्झिस्टर नाही. आगाऊ १०,००० ऑनलाइन, उरलेले ३६,५०० हातात रोख. पावती नाही. रोख देऊ नका, निदान ‘ट्यूब पॉवर ॲम्प’ (म्हणजे स्पीकर चालवणारा भागही ट्यूबचा) असं लिहून घेतल्याशिवाय तरी नाहीच.

आत ट्यूब निघाली एक. तीही प्रीॲम्पमधली, म्हणजे सिग्नल आधी थोडा वाढवणाऱ्या भागातली, छोटी १२एएक्स७. पॉवर ॲम्पच्या मोठ्या ट्यूब, ईएल३४ नाही, ६एल६ नाही, त्यांना स्पीकरशी जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा पत्ताच नाही. पुढचं सगळं ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक.

घेताना विकणाऱ्याने माझ्यासमोर स्विच दाबला आणि लगेच आवाज आला. लगेच! ट्यूब तापायला दहा-वीस सेकंद लागतात, तोवर स्पीकर मुका असतो. बारा वर्षं वाजवतोय, हे मला माहीत होतं. मी विचारलंही. तो म्हणाला, “आत्ताच बंद केला होता, गरमच आहे.” जाळीआड नारिंगी उजेड दिसत होता, मी गप्प बसलो. जाळीला हात लावला असता तर ती गार लागली असती. तो उजेड ट्यूबखाली बसवलेल्या एलईडीचा होता. खऱ्या ट्यूबचा फिलामेंट हळूहळू विझतो. हा दिवा खटकन गेला, तेही मी पाहिलं होतं.

वजनावरूनही कळायला हवं होतं. एवढ्या वॅटच्या ट्यूब ॲम्पमध्ये दोन लोखंडी ट्रान्सफॉर्मर असतात, उचलताना कंबर धरते. हा मी एका हाताने जिना चढवला.

मला नावं ठेवण्याआधी एवढं ऐका. चार दिवसांवर कार्यक्रम होता आणि जुना ॲम्प बंद पडला होता. शिवाय हायब्रिड ॲम्प (प्रीॲम्प ट्यूबचा, पॉवर ॲम्प ट्रान्झिस्टरचा) खरेच असतात, कमी आवाजात त्यांचा क्लीन टोन, म्हणजे न फाटलेला स्वच्छ आवाज, चांगला लागतो. तसं सांगून विकला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण ड्रमसोबत व्हॉल्यूम चढवला आणि आवाज पत्र्यासारखा फाटला. ट्यूबवर जोर दिला की आवाज भरत जातो, त्यासाठीच तर पैसे मोजले होते.

ॲपवाले म्हणाले, व्यवहार बाहेर झाला. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलिसांकडे तीन चकरा मारल्या, तीन वेगळ्या साहेबांना पहिल्यापासून सांगितलं. तिसरे म्हणाले, “वस्तू मिळाली ना? वाजते ना? मग फसवणूक कसली?” पितळेचं कडं सोन्याचं म्हणून विकलं तर हेच विचारतील का? अर्जावर पोच मागितली तर उद्या या. उद्या गेलो, साहेब रजेवर. कामाचे दिवस माझे बुडाले, त्याचं कुणाला काय!

घेताना ॲम्प पूर्ण थंड असू द्या, स्विच दाबून सेकंद मोजा. मागच्या पॅनलचा फोटो मागा: ट्यूब ॲम्पवर बहुधा स्पीकरच्या रोधानुसार ४, ८, १६ ओहमचे वेगळे जॅक किंवा निवडीचा स्विच असतो, माझ्यावर नुसतं ‘किमान ४ ओहम’ होतं. स्वतः खोलू नका. खऱ्या ट्यूब ॲम्पच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट राहू शकतात. मेकॅनिकला सोबत न्या.

काल तशीच जाहिरात पुन्हा दिसली. तोच नारिंगी उजेड, मागच्या बाजूचा एकही फोटो नाही.