धडधड होतेय म्हणजे चरबी जळतेय म्हणे!

वजन उतरवायच्या नादात गेले एकूण २९,३८९ रुपये. मशीनवर उभं राहायचे ९९, तीन महिन्यांच्या 'प्रोग्राम'चे १८,५००, 'स्ट्रेस किट'चे ७,२५०, मेंबरशिपचे २,३६०. आणि पैसे परत मागितले तेव्हा 'रिफंड प्रोसेसिंग'चे म्हणून आणखी १,१८०. या शेवटच्या रकमेने अजून अंगाचा तिळपापड होतो. डॉक्टर आणि ईसीजीचे १,४५० यात धरलेलेच नाहीत.

सकाळी जॉगिंग ट्रॅकच्या फाटकाशी टेबल टाकून 'बॉडी चेकअप' करणाऱ्यांची तऱ्हा तुम्हाला नव्याने सांगायला नको. आधी मशीन, मग शेक, मग चहा, मग ग्रुप. इथे नाशिकला मीही कित्येक महिने त्यांच्यासमोरून मान फिरवून जायचे. मी अडाणी नाही. पतसंस्थेत कर्जाची कागदपत्रं तपासते, खोटी सॅलरी स्लिप मला हातात घेतल्या घेतल्या कळते. त्यामुळे "एवढी शिकलेली बाई आणि फसली कशी" असं म्हणणाऱ्यांनी आधी पुढचं वाचा, मग बोला.

मला एंग्झायटीसाठी एसिटालोप्रॅमची गोळी चालू होती. गोळीने फरक पडला होता. झोप लागायला लागली, गॅस बंद केला की नाही हे बघायला जिने चढून परत वर येणं थांबलं. वजन मात्र ७१ वरून ७९ वर गेलं. नणंद चारचौघांत "सासर मानवलंय हो" म्हणाली आणि सगळे हसले. मला तेव्हापासून वजनकाट्याचीच धास्ती. अशा अवस्थेत त्या टेबलाशी उभी राहिले तर मशीनने माझं 'बॉडी एज' सांगितलं ५७. माझं खरं वय ३९. ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, "ताई, घाबरवत नाहीये, पण आतून तुम्ही सत्तावन्नच्या आहात." ही मशिनं शरीरातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून चरबीचा अंदाज बांधतात. पाणी कमी प्यायलात, नुकत्याच चालून आलात, की आकडा बदलतो. हे मला कधी कळलं? सगळं होऊन गेल्यावर.

मग तिने विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत का?" मी खरं सांगितलं. तिला तेवढंच हवं होतं! म्हणाली, गोळ्यांनीच वजन वाढतं, आमच्या किटने टेन्शन आणि वजन दोन्ही जातं, आणि गोळी हळूहळू नाही, एकदम सोडायची. कोणीही, कितीही गोड बोलून, डॉक्टरांनी दिलेली मनाची गोळी सोडायला सांगितली की तिथून उठा. चप्पल घालायलाही थांबू नका. ही गोळी अचानक तोडली तर गरगरतं, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके येतात, चिडचिड होते, झोप उडते. मला हे सगळं झालं. डोस उतरवायचा तो डॉक्टरांनीच, बेताबेताने.

ग्रुपवर रोज सकाळी सातच्या आत काट्याचा फोटो टाकायचा, पायाची बोटं दिसली पाहिजेत. तीनशे ग्रॅम वाढले की नावापुढे लाल खूण. आदल्या दिवशी लोणचं-पापड खाल्लं, पाळी जवळ आली, तरी वजन तेवढं वर-खाली होतंच, पण तिथे कोण ऐकतंय? लाल खुणेच्या भीतीने मी रात्रीचं जेवण सोडलं. एंग्झायटीच्या पेशंटला रोज सातची परीक्षा!

त्यात तो चहा. दिवसातून चार वेळा, कोमट पाण्यात एक चमचा. छातीत धडधड, हाताला कापरं, पहाटे तीनपर्यंत डोळा नाही. मी घाबरून मेसेज केला, तर तिची व्हॉइस नोट आली, "ताई, धडधड होतेय म्हणजे चरबी जळतेय. बॉडी डिटॉक्स होतेय. हे किट वाढवू आपण." ते ७,२५० रुपये तिथे गेले. धडधड त्यांनीच विकली आणि धडधडीवरचा उतारासुद्धा त्यांनीच विकला.

आता त्या चहाच्या डब्याबद्दल. ओट्यावर, ट्यूबलाइटखाली, चष्मा लावून मी तो हातात फिरवलेला आठवतोय. किमतीवर कागदी स्टिकर, त्याचा एक कोपरा उचकटलेला. खाली फूड लायसन्सचा नंबर. तो १४ आकड्यांचा असतो, या डब्यावर १३ होते. तेरा! दिवसभर लोकांच्या पॅनकार्डवरची अक्षरं मोजणारी मी. पण दोन रात्रींच्या जागरणाने हात थरथरत असताना आकडे कोण मोजतं? आणि ज्यांनी विकायचं त्यांनी खरं छापायचं, की घेणाऱ्याने भिंग घेऊन बसायचं? पुढे लेकीने नखाने तो स्टिकर काढला. त्याखाली घटक छापलेले होते: ग्वाराना एक्स्ट्रॅक्ट. ग्वारानाच्या बियांमध्ये कॉफीच्या बियांपेक्षा जास्त कॅफीन असतं. डॉक्टरांनी मला कॉफी बंद करायला सांगितली होती, मी ऑफिसातला चहासुद्धा अर्ध्या कपावर आणला होता.

डॉक्टरांनी डबा बघून आधी सिब्युट्रामिनचं नाव काढलं. भूक मारणारं हे औषध हृदयाला धोका म्हणून २०११ मध्ये आपल्याकडे बंद झालं, तरी 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांमध्ये ते मिसळलेलं सापडतं. माझ्या डब्यात होतं का? तेच तर कोणी तपासून देईना.

चौकीत गेले. "मॅडम, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत ना? मग ही फसवणूक कशी? सिव्हिल मॅटर आहे." ओटीपी चोरला असता तर म्हणे गोष्ट वेगळी होती. शेजारचा हवालदार माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "फरक तर पडलेला दिसत नाही." बँकेत गेले, तर व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय. एका सरकारी कचेरीत गेले, तर औषध असेल तर या खिडकीवर, खाण्याची वस्तू असेल तर वरच्या मजल्यावर. वर साहेब दौऱ्यावर. साहेब भेटले तेव्हा म्हणाले, उघडलेला डबा चालत नाही. मी घरी येऊन २००६ चा अन्नसुरक्षा कायदा वाचला. कलम ४० प्रमाणे ग्राहक फी भरून वस्तू तपासून घेऊ शकतो. वाचून हुरूप आला, तर खाली मेख: विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासून घेणार आहे! म्हणजे चोराला आधी कळवायचं. लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. जॉगिंग ट्रॅकच्या फाटकावरचा 'मोटापा जड से खत्म' हा फ्लेक्स मात्र रोज शेकडो माणसं वाचतात, त्यात खाकीतलीही असतात.

मेंबरशिपच्या २,३६० मध्ये जीएसटी धरला होता, पावतीवर जीएसटी नंबरच नाही. तेव्हा मागितला तर "ताई, विश्वास नाही का?" नाही! बिल नाही तर पैसे नाहीत. यूपीआयवर दुकानाऐवजी कुणा माणसाचं नाव आलं तर पैसे पाठवू नका. रिफंडसाठी पैसे भरावे लागत नाहीत, कधीच. पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, दिवस घालवू नका. मन बिघडलं असेल आणि डॉक्टर लांब असतील तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, त्या ग्रुपमधल्या 'कोच'ला विचारण्यापेक्षा तिथे विचारा.

माझी गोळी पुन्हा सुरू आहे. वजनाची धास्ती डॉक्टरांना सांगितली तर त्यांनी काटा माळ्यावर टाकायला लावला, वजन त्यांच्याकडेच महिन्यातून एकदा होतं. मी चालायला जाते, दुसऱ्या फाटकाने.

ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, वकील नसला तरी चालतो. त्याच टेबलावर पैसे भरलेल्या आणखी दोघी सापडल्या. एकीजवळ सगळ्या व्हॉइस नोट आहेत. दुसरीने घरात कळेल म्हणून चॅट पुसून टाकलं, पण बँकेचं स्टेटमेंट काढायला ती सोमवारी माझ्याबरोबर येतेय. नाशिकमध्ये अजून कोणी असाल तर रिकामे डबे रद्दीत देऊ नका, स्टिकर काढू नका, आणि ग्रुप सोडायच्या आधी चॅट एक्स्पोर्ट करून घ्या.