इराण की पाकिस्तान : लघुप्रबंधासाठी कोणती राज्यघटना?

इस्लामी राज्याच्या परराष्ट्र धोरणावर लिहायचंय, पण कोणत्या देशाची राज्यघटना निवडू, असं एम.ए.च्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय.

इराणच्या १९७९च्या घटनेत यासाठी स्वतंत्र प्रकरणच आहे, कलम १५२ ते १५५. परकीय वर्चस्व आणणारे करार १५३नं निषिद्ध. खरा पेच १५४मध्ये: जगभरातल्या शोषितांच्या न्याय्य लढ्याला पाठिंबा द्यायचा आणि इतर देशांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळही करायची नाही. दोन्ही एकाच वाक्यात! संयुक्त राष्ट्रांच्या सनदेशी ताडून पाहायला याहून चांगलं कलम मला माहीत नाही.

पाकिस्तानच्या १९७३च्या घटनेत मुख्यतः कलम ४०: मुस्लिम देशांशी बंधुभाव, तंटे शांततेनं सोडवणं. तेही धोरणतत्त्वांत, म्हणजे आपल्या राज्यघटनेतल्या आंतरराष्ट्रीय शांततेविषयीच्या कलम ५१सारखं, कोर्टात दाद न मागता येणारं.

तत्त्वांमधला ताण उलगडायचा असेल तर इराण घे. भारताशी तुलना करायची असेल तर पाकिस्तान.