गोळाफेक: ग्लाइड शिकवायचं की रोटेशन?

जागतिक विक्रम बघून तंत्र ठरवायचं असेल तर चर्चेची गरजच नाही. रायन क्राउझरने 2023 मध्ये लॉस एंजेलिसला 23.56 मीटरची फेक केली ती रोटेशनने, म्हणजे वर्तुळात गोल फिरून. रिओ, टोकियो आणि पॅरिस या तिन्ही ऑलिंपिकमधली सुवर्णपदकंही त्याचीच. पण ग्लाइड करणाऱ्या, म्हणजे वर्तुळात सरळ रेषेत सरकत फेकणाऱ्या, उल्फ टिमरमनने 1988 मध्येच 23.06 मीटर गाठले होते आणि महिलांचा जागतिक विक्रम, नतालिया लिसोव्स्कायाचा 22.63 मीटर, 1987 पासून ग्लाइडच्याच नावावर आहे. (त्या काळी उत्तेजकांच्या चाचण्या ढिल्या होत्या, हे धरूनही.) म्हणजे पुरुषांत दोन तंत्रांच्या शिखरांमध्ये अंतर आहे ते अर्ध्या मीटरचं. तालुक्याला दहा-बारा मीटर फेकणाऱ्या मुलाचा निर्णय त्या अर्ध्या मीटरवर घेण्यात अर्थ नाही.

त्याचा निर्णय वेगावर घ्यायचा. गोळा किती लांब जाणार हे सुटतानाचा वेग, कोन आणि उंची यांवर ठरतं, पण या तिघांचं वजन सारखं नाही. समजा गोळा 1.9 मीटर उंचीवरून, 37 अंशांत, सेकंदाला 10 मीटर वेगाने सुटला. तो साधारण 11.9 मीटरवर पडेल. उंची 10 सेंमी वाढवली तर जेमतेम तेवढेच 10 सेंमी पदरात पडतात. कोन 37 चा 34 झाला तर पंधरा-सोळा सेंमी जातात. आणि वेग 10 चा 10.5 झाला तर? जवळजवळ अख्खा मीटर वाढतो. वर्तुळाबाहेर उभं राहून ‘वर फेक, वर फेक’ म्हणून ओरडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करावा. शिवाय वर ढकलताना गुरुत्वाकर्षणाशी जास्त झगडावं लागतं आणि वेगच घटतो.

आता 2.135 मीटर व्यासाच्या वर्तुळात हा वेग आणायचा कुठून? ग्लाइडचं उत्तर सरळ आहे. पॅरी ओब्रायनने 1950 च्या दशकात फेकीच्या दिशेकडे पाठ करून सुरुवात करायचा पायंडा पाडला आणि 1952 व 1956 ची ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली. गोळ्यावर जितक्या लांब अंतरापर्यंत बल लागेल तितकी जास्त ऊर्जा त्याला मिळते. पाठमोरं खाली वाकून सुरुवात केल्याने ते अंतर वाढतं. गोळ्याची वाट बरीचशी सरळ राहते, त्यामुळे मुलाचं कुठे चुकतंय ते बाजूला उभं राहून मोबाइलच्या स्लो मोशनमध्येही दिसतं.

रोटेशनचं गणित गुंतागुंतीचं आहे, आणि खरं सांगायचं तर जास्त मजेशीरही. अलेक्सांद्र बारिश्निकोवने 1976 मध्ये याच तंत्राने 22.00 मीटरचा विश्वविक्रम केला. इथे गंमत अशी की वर्तुळाच्या मध्यावर गोळ्याचा वेग चक्क कमी होतो. मग फायदा कशाचा? शरीर फिरत येऊन पॉवर पोझिशनला, म्हणजे शेवटच्या ढकलण्याआधीच्या पवित्र्यात, पोचतं तेव्हा कंबर पुढे आणि खांदे मागे राहिलेले असतात. धड पिळलेलं असतं आणि तो पीळ सुटताना गोळ्याला मोठा झटका मिळतो. पण हा फिरकीचा साठा, म्हणजे कोनीय संवेग, पाय जमिनीवर असतानाच तयार होतो. दोन्ही पाय हवेत गेले की त्यात भर घालता येत नाही. हातपाय आत घेऊन फिरण्याचा वेग तेवढा वाढवता येतो. म्हणून मुलगा हवेत असताना ‘जोरात फिर’ सांगणं फुकट आहे. सांगायचं असेल तर मागच्या कडेवर डाव्या पायावर नीट वळ आणि उजवा पाय मोठा फिरव, असं सांगावं (डावखुऱ्यांना उलट).

रोटेशनमधला धोकाही त्या साठ्यातच आहे. गोळा सुटल्यावरही शरीर फिरतच राहतं आणि ते वर्तुळात थोपवावं लागतं. हात क्षणभर लवकर किंवा उशिरा सुटला तर गोळा 34.92 अंशांच्या सेक्टरबाहेर (गोळा जिथे पडायला हवा त्या आखलेल्या भागाबाहेर). शालेय स्पर्धेत सुरुवातीच्या तीनच फेकी हातात असतात. तिन्ही फाउल झाल्या तर सरावातला सर्वोत्तम आकडा काही कामाचा नाही.

यापेक्षाही मोठा मुद्दा मैदानाचा, आणि नेमका तोच चर्चेत येत नाही. आपल्याकडे बऱ्याच शाळांत गोळाफेकीचं वर्तुळ म्हणजे मातीवर फक्कीने आखलेली रेघ. मातीत पाय रुततो, वरचं शरीर फिरतं आणि पिळाचा सगळा भार गुडघ्यावर येतो. अशा जागी रोटेशन शिकवू नये, मुलगा कितीही हुशार असो. ग्लाइड मातीवर कसंबसं निभावतं. सिमेंटचं वर्तुळ असेल तरच पुढचा विचार करावा.

उंच मुलाला ग्लाइड आणि बुटक्या, चपळ मुलाला रोटेशन, हा जुना ठोकताळा पूर्ण चुकीचा नाही. पण क्राउझर 2.01 मीटर उंच आहे, तेव्हा त्यावर फार भिस्त नको.

माझं मत विचाराल तर चौदा-पंधराच्या मुलाला आधी काही आठवडे नुसता स्टँडिंग थ्रो (जागेवर उभं राहून केलेली फेक) द्यावा, कारण दोन्ही तंत्रांत सुटतानाच्या वेगाचा मोठा वाटा त्या शेवटच्या ढकलण्यातूनच येतो. त्यानंतर पहिला हंगाम ग्लाइड. अपवाद एकच: मुलगा आधीपासून थाळीफेक करत असेल आणि सिमेंटचं वर्तुळ रोज मिळत असेल, तर थेट रोटेशन चालेल. वळणं त्याच्या पायांना ओळखीची असतात. फक्त थाळीचं वर्तुळ 2.5 मीटरचं असतं, इथे पावलं आखडती घ्यावी लागतील.

बदल करायचाच तर स्पर्धा संपल्यावर, पावसाळ्याआधीच्या सुट्टीत करावा. आणि दर पंधरवड्याला एकाच दिवशी, त्याच गोळ्याने स्टँडिंग थ्रो आणि पूर्ण फेक अशा दोन्ही मोजून वहीत लिहाव्यात. दोन्हींत फरकच पडत नसेल तर वर्तुळातली हालचाल गोळ्याला काहीच देत नाहीये, मग तंत्र कोणतंही असो. दोन्ही आकडे एकत्रच वाढत असतील तर ताकद वाढतेय, आणि तंत्राला हात लावायची घाई नाही.