इंडक्शन शेगडी: आठ महिने आणि एक पावसाळा

शेगडी २००० वॅटची, एका भांड्याची. चार माणसांचा रोजचा स्वयंपाक, मुंबईतल्या जुन्या इमारतीचा ओटा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. पुढचं बहुतेक सगळं कुठल्याही बनावटीला लागू आहे.

आधी वायर, मग शेगडी. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर, तेही सलग अर्धा तास. मिक्सरच्या ६ अँपिअरच्या प्लगवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर ती लावू नका. जुन्या इमारतींत ओट्यावरचे सगळे प्लग बऱ्याचदा एकाच बारीक वायरवर असतात. एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडला तर नशीब समजा. तो पडत नाही आणि प्लगची पिन तपकिरी होत जाते, तिथे खरा धोका. मेन बोर्डापासून स्वतंत्र २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी आणि १६ अँपिअरचाच प्लग हवा. हा खर्च शेगडीच्या किमतीत धरूनच विचार करा.

भांड्याच्या बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटला पाहिजे. ॲल्युमिनिअम, हिंडालिअम, पितळ बाद. साधी स्टीलची पातेलीही बऱ्याचदा बाद, कारण त्या स्टीलला चुंबक धरत नाही. इंडक्शन बेसची भांडी वेगळी घ्यावी लागतात. गोल बुडाच्या लोखंडी कढईला आच मधोमधच लागते, कडेची भाजी कच्ची राहते. चहाचं छोटं भांडं, साधारण १२ सेंटिमीटरपेक्षा लहान बुडाचं, बऱ्याच शेगड्या ओळखतच नाहीत. बिडाचा तवा उत्तम चालतो, पण थंड तव्याला एकदम २००० दिले तर तो तडकू शकतो. तीनेक मिनिटं ८००वर तापवा, मग वाढवा.

पाणी उकळण्यात हिला तोड नाही. लिटरभर पाण्याला साडेतीन मिनिटं आणि जेमतेम ०.१ युनिट. कुकर १८००वर ठेवायचा, पहिल्या शिट्टीनंतर ८००वर आणायचा. मोदक वाफवणं, डाळ, कडधान्यं, बटाटे यांत गॅसची आठवणही येत नाही. शिवाय ज्योत नसल्यामुळे मे महिन्यात डोक्यावर पंखा लावून स्वयंपाक करता येतो, ही सोय कुठल्याच जाहिरातीत सापडली नाही!

मंद आच मात्र फसवी. स्वस्त शेगडीवर ४०० लिहिलेलं असतं ते सलग ४०० नसतं. काही सेकंद जवळपास १००० वॅट, मग काही सेकंद बंद. आतलं सर्किट त्याखाली सलग चालू शकत नाही, म्हणून सरासरी काढून भागवलेलं असतं. परिणाम: शिरा खालून लागतो, बासुंदी धरते, दूध अचानक वर येतं. जाड बुडाचं भांडं घेतलं तर निम्मा त्रास जातो. आणि दूध उतू जाऊन टच पॅनलवर आलं की शेगडी टूं-टूं करत बंद पडते. ओल्या बोटालाही ती दाद देत नाही. आपल्या स्वयंपाकाला दाबायची बटणं असलेलं मॉडेलच बरं.

पावसाळ्यात आणखी एक शत्रू: झुरळं. आत ऊब असते, जाळीतून शिरतात आणि आतल्या सर्किटवर शॉर्ट करतात. फोडणीची तेलकट वाफ शेगडीच्या आतल्या पंख्यावर बसते, वारा कमी होतो, आतलं आयजीबीटी (वीज वेगाने चालू-बंद करणारा भाग) तापतं आणि उडतं. महिन्यातून एकदा खालची जाळी कोरड्या ब्रशने साफ करा. स्वयंपाक संपला की लगेच भिंतीवरचा स्विच बंद करू नका, आतला पंखा आपोआप थांबू द्या. गुळाचा पाक काचेवर सांडला तर कोमट असतानाच पुसा. घरात कुणाला पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारा; दोन फूट अंतर ठेवायला सांगतात.

आता बिल. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. बर्नरची कार्यक्षमता ६८ टक्के आणि इंडक्शनची ८५ टक्के धरली, तर एक सिलिंडर म्हणजे सुमारे १४५ युनिट वीज. सिलिंडर ८५० रुपयांचा असेल, तर युनिट सहा रुपयांच्या आत पडलं तरच इंडक्शन स्वस्त. सिलिंडर दोन महिने पुरत असेल तर महिन्याला सत्तरेक युनिट वाढतात, आणि ती जोडली जातात तुमच्या सर्वांत वरच्या स्लॅबमध्ये. १०१ ते ३०० मधलं घर ३०१ च्या पुढे सरकलं की हिशेब बिघडतो. हिशेब करताना सरासरी दर धरू नका, शेवटच्या स्लॅबचा धरा.

आणि इंडक्शन म्हणजे स्वच्छ ऊर्जा, असं म्हणतात त्याचं काय? मुंबईला खोपोलीची जलविद्युत १९१५ पासून मिळते, पण डहाणू आणि ट्रॉम्बेच्या वीजकेंद्रांत आजही कोळसा जळतो. कोळशाच्या विजेवर स्वयंपाक केला तर वीजकेंद्रातच निम्म्याहून जास्त उष्णता वाया गेलेली असते, म्हणजे गॅसपेक्षा इंधन जास्तच जळतं. धूर फक्त ओट्यावरून हलतो. वीज कंपनीकडे अर्ज करून, थोडा जादा दर भरून हरित वीज (सूर्य, वारा अशा स्रोतांची) घेण्याची सोय आहे. हेतू तोच असेल तर तो अर्जही करा.

भाकरी फुगवणं, पापड, भरताचं वांगं हे सगळं ज्योतीवरच. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली होती ते आठवत असेल तर गॅस काढून टाकायचा विचारही मनात येणार नाही. मात्र वापर कमी झाला म्हणून गॅसच्या नळीची मुदत लांबत नाही. तिच्यावर छापलेली तारीख बघा, पाच वर्षं झाली की बदला.