सॅलरी सॅक्रिफाइस पेन्शन, अकरा पगारांनंतरचा अनुभव (यूके)

एप्रिल २०२५ पासून मी इथे इंग्लंडमध्ये रीडिंगला कंपनीच्या सॅलरी सॅक्रिफाइस पेन्शनमध्ये आहे, म्हणजे आता अकरा पगार झालेत. बायकोनेही तिच्या कंपनीत त्याच महिन्यात सुरू केलं होतं. दोघांचे अनुभव खूप वेगळे निघाले, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी नावाबद्दल. सांगलीला फोनवर बाबांना सांगितलं तर ते म्हणाले पगाराचा त्याग कशाला करतोयस, अडचण आहे का काही? त्यांना जीपीएफ माहिती, त्यामुळे समजावणं सोपं गेलं, पण फरक आहे. इथे पगारातून पैसे कापत नाहीत, करारातला पगारच कमी करतात आणि तेवढी रक्कम कंपनी स्वतःचा हप्ता म्हणून पेन्शनमध्ये भरते. तो पैसा आपला पगार म्हणून धरलाच जात नाही, म्हणून त्याच्यावर इन्कम टॅक्सही नाही आणि नॅशनल इन्शुरन्सही (एनआय, म्हणजे पगारावरचा सरकारी विम्याचा हप्ता) नाही. सगळी गंमत या दुसऱ्या शब्दात आहे, कारण साध्या पेन्शन हप्त्यावर टॅक्स वाचतो पण एनआय जातोच.

आता माझा हिशोब. पगार ५८,००० पौंड. इथे ५०,२७० च्या वरच्या प्रत्येक पौंडावर ४० टक्के टॅक्स आणि २ टक्के एनआय. मी वरचे ७,७३० पौंड पूर्ण पेन्शनला लावले, महिन्याला ६४४. काहीच टाकलं नसतं तर महिन्याला हातात ३,६८३ आले असते, आता ३,३१० च्या आसपास येतात. म्हणजे खिशातून ३७३-३७४ गेले आणि खात्यात ६४४ जमा झाले. पहिल्या पेस्लिपवर सॅलरी सॅक्रिफाइस समोर वजा ६४४.१७ बघून धस्स झालं होतं खरं, मग खालचा टॅक्सचा आकडा बघितला, ६२८, जो एरवी ८८६ झाला असता, आणि जिवात जीव आला.

शिवाय कंपनीचाही एनआय वाचतो, एप्रिल २०२५ पासून तो १५ टक्के झालाय, म्हणजे माझ्या ७,७३० वर कंपनीचे वर्षाला जवळपास १,१६० वाचतात. आमची कंपनी त्यातले निम्मे माझ्याच पेन्शनमध्ये टाकते. हे सगळ्या कंपन्या करत नाहीत, काही सगळं स्वतःकडे ठेवतात, तेव्हा एचआरला सरळ विचारा, यात लाजण्यासारखं काही नाही.

अजून एक फायदा जो मला उशिरा कळला. आधीच्या नोकरीत माझी पेन्शन रिलीफ अ‍ॅट सोर्स पद्धतीची होती, त्यात २० टक्के आपोआप मिळतात पण ४० टक्केवाल्यांना वरचे २० टक्के स्वतः एचएमआरसीकडे, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याकडे, मागावे लागतात, आणि मी ते मागितलेच नव्हते! चार वर्षं मागचं मागता येतं, तेव्हा ज्यांची पेन्शन तशी आहे आणि पगार ५०,२७० च्या वर गेलाय त्यांनी आजच तपासा. सॅलरी सॅक्रिफाइसमध्ये ही कटकट नाही, पेस्लिपवरच हिशोब पूर्ण होतो.

मग जूनमध्ये सायकल घेतली सायकल टू वर्क मधून (कंपनी सायकल भाड्याने देते आणि भाडं असंच सॅक्रिफाइसमधून जातं), १,२०० पौंडांची, महिन्याला १०० प्रमाणे. मला वाटलं यातही ४२ टक्के वाचणार. नाही वाचले. कारण पेन्शनने आधीच वरचा सगळा थर खाल्ला होता, मी बरोबर ५०,२७० वर आलो होतो, त्यामुळे सायकलचे पैसे खालच्या थरातून गेले, तिथे टॅक्स २० आणि एनआय ८, म्हणजे २८ टक्के. ५०४ ऐवजी ३३६ वाचले. वाईट नाही, पण कुठला पौंड कुठल्या थरातून जातोय हे आधी कागदावर मांडायला हवं होतं. शिवाय भाड्याच्या मुदतीत सायकल आपल्या मालकीची नसते, नंतर स्वतःची करून घ्यायला थोडे पैसे लागतात.

आता बायकोचं, आणि हेच मला मुख्य सांगायचंय. तिचा पगार ३३,६०० म्हणजे महिन्याला २,८००. तिने ३५० लावले, तिला २८ टक्के वाचतात म्हणजे हातातून २५२ जातात. तेही छान चाललं होतं. डिसेंबरमध्ये बाळ झालं. मॅटर्निटीच्या पहिल्या सहा आठवड्यांना सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळतात, आणि आम्ही २,८०० धरून हिशोब करून बसलो होतो. पेस्लिप आली तर आकडा कमी. आधी वाटलं पेरोलची चूक असेल, बाळ मांडीवर घेऊन ही फोनवर पाऊण तास थांबली, तेव्हा कळलं की सरासरी सॅक्रिफाइसनंतरच्या पगारावर काढतात, म्हणजे २,४५० वर. सहा आठवड्यांत मिळून ४३६ पौंड कमी. ते पैसे आम्ही हिच्या आईच्या तिकिटासाठी धरले होते. तिकीट काढलंच, पण क्रेडिट कार्डावर, आणि त्या दिवसांत पैशाची अशी चणचण भासणं फार लागतं मनाला. सहा आठवड्यांनंतर आठवड्याला ठरलेला दर असतो (२०२५-२६ मध्ये १८७.१८), त्यात आम्हाला फरक पडला नाही.

मला राग कमी मिळाल्याचा नाही, कोणी सांगितलं नाही याचा आहे. हिने ऑगस्टमध्ये एचआरला गरोदर असल्याचं कळवलं होतं, तेव्हा एका ओळीचा ईमेल पुरला असता. गरोदरपणाच्या साधारण अठराव्या ते पंचविसाव्या आठवड्यातला पगार या सरासरीला धरतात. गरोदरपण हे मध्येच सॅक्रिफाइस बदलायला चालणारं कारण आहे, तेव्हा योग्य वेळी विचारलं असतं तर ते दोन-तीन महिने थांबवता आलं असतं.

पण खरं तेच लिहायचं तर दुसरी बाजूही आहे. सुट्टीच्या पगारी काळात ते महिन्याचे ३५० कंपनी स्वतः भरत राहिली, कारण कागदावर तो हप्ता आधीपासून कंपनीचाच आहे आणि मॅटर्निटीच्या पगारातून तो कापता येत नाही. म्हणजे पेन्शनच्या बाजूने बघितलं तर आम्ही फायद्यातच आहोत. त्यामुळे मी कोणाला बंद करा म्हणणार नाही, पण आज हातात किती येणार हे माहीत करून घ्या आणि तेवढी सोय आधी करून ठेवा.

आमच्या ओळखीतल्या एकांचा पगार बोनस धरून १ लाख पौंडाच्या वर गेला. तिथे तर हे जवळजवळ केलंच पाहिजे, कारण १ लाखाच्या वर दर दोन पौंडांमागे एक पौंड पर्सनल अलाउन्स (टॅक्स न लागणारी रक्कम) जातो, १,२५,१४० पर्यंत टॅक्स ६० टक्के पडतो आणि वर २ टक्के एनआय, शिवाय नर्सरीचे आठवड्याचे ३० मोफत तास आणि टॅक्स फ्री चाइल्डकेअर या दोन्ही सरकारी सवलती बंद. त्यांनी बोनसच पेन्शनला लावला आणि मुलीची नर्सरी वाचवली.

वाईट बाजू म्हणजे पैसा अडकतो. सध्या वय ५५, आणि ६ एप्रिल २०२८ पासून ५७ होईपर्यंत हात लावता येत नाही. मी ३८ चा आहे, म्हणजे एकोणीस वर्षं. चार-पाच वर्षांत भारतात परत जायचं नक्की असेल आणि तिकडे घरासाठी पैसे लागणार असतील तर सगळं इथे ओतू नका, तुम्ही पुण्यात असाल आणि पैसा इथे कुलपात असेल. आमचं अजून ठरलेलं नाही, म्हणून मी ५०,२७० च्या खाली एक पौंडही लावत नाही.

आणि नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये जाहीर झालंय की एप्रिल २०२९ पासून वर्षाला २,००० च्या वरच्या सॅक्रिफाइसवर एनआय लागणार. टॅक्सची सूट राहते. मी बसून आकडे काढले, आजच्या दराने माझे वर्षाला ११५ जास्त जातील, हिचे मात्र ४,२०० मधले २,२०० धरून ८ टक्क्यांनी १७६. माझ्यापेक्षा चोवीस हजार कमी पगार असलेल्या माणसाला जास्त भुर्दंड, हे मला अजिबात पटत नाही. शिवाय कंपनीलाही वरच्या रकमेवर १५ टक्के भरावे लागतील, तेव्हा आज मिळणारा तो निम्मा वाटा तेव्हा राहील असं मी धरून चालत नाहीये.

नव्या वर्षाचा फॉर्म परवा भरला, माझा आकडा तोच ठेवला. ही सप्टेंबरमध्ये कामावर जाईल तेव्हा ३५० वरून २०० वर यायचं म्हणतेय, नर्सरीची फी सुरू होईल ना. सासूबाईंच्या तिकिटाचा शेवटचा हप्ता या महिन्यात फिटेल.