‘उंच लोकांसाठी खास’ रिअरसेट घेताय? आधी हे वाचा

माझी उंची सहा फूट दोन इंच. माझ्या यामाहा आर१५ या स्पोर्ट्स बाइकची सीट जमिनीपासून ८१५ मिमी उंच, त्यामुळे पाय टेकायची चिंता नाही, त्रास वेगळाच. सीट आणि फूटरेस्टमध्ये अंतर कमी, म्हणून गुडघे कायम मुडपलेले. क्लिप-ऑन हँडल (पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर दोन्ही बाजूंना वेगवेगळं बसणारं) खाली, म्हणून भार मनगटांवर. इंदूरहून मांडूला जाऊन आलं की बोटांना मुंग्या.

इथल्याच एका मॉडिफिकेशनच्या दुकानात विचारलं. मालक म्हणाला, “टेंशन मत लो भिया, लंबे बंदों के लिए अलग सेट आता है.” निळा चकचकीत रिअरसेट, म्हणजे कंपनीच्या फूटरेस्टच्या जागी बसणारा प्लेट-फूटरेस्टचा संच, ‘इम्पोर्टेड बिलेट’ (अखंड ठोकळ्यातून कापलेला) म्हणे, आणि हँडल वर उचलणारा रेझर. दोन्ही मिळून साडेअकरा हजार. पैसे यूपीआयने त्याच्या भावाच्या खात्यात, बिल “बाद में”.

खरी लबाडी इथेच आहे. रिअरसेट मुळात रेसिंगसाठी. तो फूटरेस्ट वर आणि मागे नेतो, म्हणजे वळणावर गाडी झुकवली तरी रस्त्याला घासत नाही. उंच माणसाला हवं असतं नेमकं उलटं, फूटरेस्ट खाली. माझे गुडघे आणखी मुडपले, तर उत्तर मिळालं, “थोड़े दिन में सेट हो जाएगा.” गुडघा म्हणजे काय नवा बूट आहे, वापरून सैल व्हायला?

रेझरने हँडल इंचभर उचललं, पण केबल जुन्याच. न्यूट्रलमध्ये हँडल पूर्ण वळवलं की इंजिन आपोआप रेस व्हायचं, कारण ॲक्सिलेटरची केबल ताणली जात होती. पुढच्या ब्रेकची नळीही तशीच ताठ. दुकानातून निघण्याआधी हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून बघाच.

मग भेरू घाटात एका खड्ड्यावर फूटरेस्टवर जोर देऊन उठलो आणि उजवी प्लेट तुटली. मागच्या ब्रेकचा पायडलही त्याच प्लेटवर असतो, म्हणजे तोही गेला. पुढच्या ब्रेकवर कशीबशी गाडी थांबवली.

पोलोग्राउंडला लेथ चालवणाऱ्या काकांना तुकडा दाखवला. त्यांनी तुटलेली कड उन्हात धरली: करडी, रवाळ, मध्ये टाचणीच्या टोकाएवढी भोकं. “अरे, हे ओतीव आहे. ठोकळ्यातून कापलेल्या मालात अशी भोकं असतात का?”

फूटरेस्टचे कंपनीचे जुने ब्रॅकेट दुकानात परत मागितले तर म्हणे भंगारात गेले. काउंटरवर ‘ओरिजिनल सेकंडहँड’ म्हणून एक जोडी विकायला ठेवली होती. त्यातल्या एकावर आमच्या फाटकाचा ओरखडा मी लगेच ओळखला! जुने पार्ट काढल्याक्षणी स्वतःच्या पिशवीत टाका.

वर धमकी, “कंप्लेंट करोगे तो चालान तुम्हारा ही कटेगा.” मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदलांबद्दल आहे, ओतीव माल बिलेट म्हणून खपवणाऱ्याला त्याची ढाल मिळत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग: दोन वर्षांच्या आत जायचं, पाच लाखांपर्यंत फी नाही. पुरावा म्हणून यूपीआयची नोंद, व्हॉट्सअॅपवर दुकानदाराने लिहिलेलं ‘बिलेट’ आणि तो तुकडा.

सध्या कंपनीचे नवे ब्रॅकेट बसवलेत. सीट मात्र एका सीटवाल्याकडून समोर उभं राहून इंचभर उंच करून घेतली. गुडघ्यांना तेवढ्यानेच बरंच बरं वाटतंय. मनगटांचं अजून जमलेलं नाही, कारण सीट वाढली की पुढे झुकणंही वाढतं.