पोळ्याच्या करीला ऑर्डरचा गावरान कोंबडा: रस्सा भल्ली झकास, तंदूर घेऊ नका

यवतमाळ-दारव्हा रोडवर चुलीवरच्या जेवणाचे ढाबे आता पायलीचे पन्नास झालेत, त्यातल्या एकाचा हा रिव्ह्यू, अन् तोही पोळ्याच्या करीच्या दिवसाचा. श्रावणभर पाळलेलं असते, अमावास्येला बैलाला पुरणपोळी चारून झाली की दुसऱ्या दिवशी गावात ज्याच्या त्याच्या घरून मसाल्याचा वास, त्यामुळं त्या दिवशी ढाब्यावर आयत्या वेळी गेलं तर काही मिळत नाही, आदल्या दिवशी फोन करूनच ठेवा.

बॉयलर, गावरान अन् कडकनाथ, तिन्ही मिळते. कडकनाथचा रेट गावरानच्या जवळपास डबल. मध्य प्रदेशातल्या झाबुआचा पक्षी, २०१८ मध्ये जीआय टॅग मिळाला, मांस काळं, सगळं खरं हाय, पण एवढ्या मसाल्यात त्याची वेगळी चव कोणाला कळते राजेहो? गावरानच घ्या.

आता रस्सा. वऱ्हाडी काळा रस्सा सांगा, बाकी मेनू वाचायची गरज नाही. कांदा अन् सुकं खोबरं थेट निखाऱ्यावर पार काळं होईपर्यंत भाजतात, मंग धने, तीळ, खसखस, दगडफूल तेलात परतून सगळं पाट्यावर वाटतात, मिक्सर नाही. कोंबडा आधी नुसत्या हळद-मिठात शिजत असते अन् वाटण नंतर पडते. "भाऊ, गावरान हाय, दोन तास तं लागनच, घाई असन तं बॉयलर घ्या," असं मावशीनं तोंडावर सांगितलं, आवडलं आपल्याला. वर बोटभर तर्री, मूठभर सांबार म्हणजे कोथिंबीर, अन् तंगडीचं मांस हाडापासून सुटून राहिलं पण लगदा नाही झालेला. तिखट हाय पण पोटात आग नाही पडत.

सावजी म्हणून जे देतात ते मात्र नुसतं लाल तिखट. सावजी म्हणजे नागपूरच्या हलबा कोष्ट्यांच्या घरचं जेवण, त्यात जवसाचं तेल असायचं, इथं सोयाबीनचं तेल अन् वरून रंग. नाव तरी लावू नका ना बे.

तंदूरचा अख्खा कोंबडा भाच्याच्या हट्टापायी घेतला, दिसाले एक नंबर, खायले रबर. गावरान कोंबडा दिवसभर उकिरडे फिरलेला, त्याच्या मांड्या नुसत्या कोरड्या आचेवर मऊ होत नाहीत, त्याला पाणी अन् वेळच पाह्यजे. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या सणाला अख्खा टर्की पक्षी ओव्हनमध्ये भाजतात त्यांचंही हेच रडगाणं, मांडी शिजेपर्यंत छातीचं मांस कोरडं पडते, म्हणून कोणी रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवते तर कोणी मांसात थर्मामीटर खुपसून ७४ डिग्री झाले का पाहते. आपल्याकडं रस्सा हाय, कशाले डोक्याले ताप.

सोबतचं जेवण मला तर कोंबड्याच्या तोडीचं वाटलं. ज्वारीची भाकर तव्यावरून थेट ताटात, फुगलेली, पापुद्रा हाताला चटका देते. अंबाडीची भाजी कण्या घालून केलेली, वरून लसणाची फोडणी, तिचा आंबटपणा तर्रीसोबत असा बसतो की मी भाजीच दोनदा मागितली. शेंगदाण्याचा ठेचा ठीक. भरीत टाळा, पावसाळ्यातल्या वांग्याला काय चव असते, ते हिवाळ्यातच खावं. अन् शेवटी कोहळ्याचे म्हणजे लाल भोपळ्याचे बोंडं, गुळाचे, बाहेरून खरपूस. टर्कीच्या जेवणावरही म्हणे कोहळ्याचाच गोड पाय (pie, मैद्याच्या पारीत सारण भरून भाजलेला) असते, म्हणजे तिखट मांसावर कोहळं गोड लागते हे तिकडंही कळलेलं दिसते.

सर्व्हिसचं काय सांगू. बाराचं पार्सल साडेतीनला, घरी लेकरं भाकर अन् ठेचा खाऊन झोपली. रस्सा पातळ पन्नीत बांधून दिला, गाडीच्या डिक्कीत अर्धी तर्री सांडली, वास अजून जात नाही. घरून झाकणाचा गंज म्हणजे पातेलं घेऊन जा, ते भरून देतात. अख्ख्या गावरानचे रस्स्यासकट १२०० घेतले, भाकरी वेगळ्या, करीच्या दिवसाच्या मानानं जास्त नाही म्हणणार.

अन् हो, कलेजी-पोटा ते रश्शात टाकत नाहीत, वेगळा सुक्का करून देतात, पण मागितला तरच. फोनवरच सांगून ठेवा.